ओव्याचे फूल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वरवे बुद्रुक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय चिटणीसांनी विचारला तेव्हा मी ‘ओव्याचे फूल’ एवढेच कळविले होते. त्यावरून आज काव्यवाचन व्हावयाचे आहे असा काहींचा समज झाल्याचे मागाहून कानी आले. तसे काही नाही. ओव्याच्या रोपास येते ते हे फूल नव्हे. काष्ठौषधींच्या दुकानात पांढरे, चमकदार, खडीसाखरेसारखे खडे मिळतात. हातात घेताच ओव्याचा उग्र दर्प येतो, जिभेस लावल्यास चटका बसतो. त्यांस ‘ओव्याचे फूल’ म्हणतात. अमृतधारा ज्यांच्या घरी होते त्यांस ही वस्तू ठाऊक आहे.

या वस्तूविषयी बोलावे असे मनात आले ते २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत. करोनाची दुसरी लाट त्या वेळी आपल्या शिवगंगेच्या खोऱ्यातही शिरली होती. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, प्राणवायूची नळकांडी मिळत नव्हती, आणि प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर एकच संदेश येत होता : कापूर, लवंग व ओवा यांची पुरचुंडी बांधावी, तीवर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकावे आणि दिवसभर हुंगावी, म्हणजे रक्तातील प्राणवायू वाढतो. पुरचुंड्या घरोघर झाल्या. त्यांनी कोणाचे थेट वाईट झाले असे मी म्हणणार नाही. परंतु काही घरांत त्या पुरचुंडीच्या भरवशावर दोन दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस पुढे कशानेही भरून निघाले नाहीत.

त्यानंतर आपल्यात दोन पक्ष पडलेले मला दिसतात. एक पक्ष म्हणतो, आपल्या पूर्वजांस सर्व ठाऊक होते, ओवा-लवंग असताना डॉक्टर कशाला? दुसरा पक्ष मुख्यत्वे मुंबई-पुण्यास राहणाऱ्या तरुण मंडळींचा. आजीबाईचा बटवा म्हणजे निव्वळ भोळेपणा, असे त्यांचे मत. दोन्ही पक्षांनी ओव्याच्या फुलाची हकीकत ऐकलेली नाही, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम तेलाविषयी थोडे सांगतो. तेले दोन जातींची. शेंगदाण्याचे वा करडईचे तेल टीपकागदावर टाकले तर डाग कायम राहतो. लवंगेचे तेल टाकले तर डाग काही वेळाने उडून जातो. या दुसऱ्या जातीस बाष्पनशील किंवा सुगंधी तेल म्हणतात. तुळशीचे पान चुरगळल्यावर, गवती चह्याचे पाते मोडल्यावर, निरगुडीच्या झुडपास अंग घासून गेल्यावर जो वास येतो तो याच तेलाचा. वनस्पती ते आपल्यासाठी करीत नाही. तिला पळता येत नाही, हाकलता येत नाही. कीड, बुरशी आणि जंतू यांपासून जीव वाचविण्याच्या तिच्या साधनांपैकी हे एक आहे.

हे तेल काढण्याची रीत वाफेची. आपल्या महाराष्ट्रात खानदेश हे तिचे जुने घर. पिंपळनेर व नंदुरबार या बाजूस रोशा गवत माजते, त्यास तिखाडीही म्हणतात. ओढ्याकाठी भट्टी लावून कढईत गवत व पाणी घालावयाचे, झाकण लिंपून घ्यावयाचे, आणि नळीने वाफ गार पाण्यात बसविलेल्या भांड्यात उतरवावयाची. वाफ थंडावली की पाण्यावर तेल तरंगते. हे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपचे व्यापारी त्यास तुर्की तेल म्हणून विकत घेत. माल खानदेशचा, नाव तुर्कस्तानचे! असो.

आता ओव्याकडे वळू. १८७४ साली लंडनमध्ये फ्ल्युकिगर व हॅनबरी या दोघांनी ‘फार्माकोग्राफिया’ नावाचा औषधी द्रव्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ओव्याच्या प्रकरणी असे नमूद आहे की, उज्जैन व मध्य हिंदुस्थानात इतरत्र ओव्याच्या तेलापासून हे स्फटिक तयार करतात आणि पुणे व दख्खनमधील अन्य ठिकाणच्या दुकानांत ते ‘अजवाइन का फूल’ या नावाने विकले जातात. दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती ग्रंथात आपल्या पुण्याची पेठ अशी आली आहे. हे स्फटिक म्हणजे युरोपातील थाइम नावाच्या झुडपापासून निघणारे थायमॉलच होय, हे त्यापूर्वीच, म्हणजे १८५५ साली स्टेनहाउस यांनी व १८५६ साली हेन्स यांनी दाखवून दिले होते.

थायमॉल जंतुघ्न आहे हे पुढे ठरले. त्या काळी शस्त्रक्रिया झालेला रोगी शस्त्राने मरत नसे, जखम पिकून मरे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली कार्बोलिक आम्लाने जखमा व हत्यारे धुण्याची रीत प्रसिद्ध केली आणि शस्त्रक्रियेचे रूप पालटले. पण कार्बोलिक आम्लाने हातांची कातडी जळे. थायमॉल हे त्याच कुळातले, परंतु त्याहून सौम्य, म्हणून शस्त्रवैद्यांचे लक्ष त्याकडे गेले. १८७९ साली अमेरिकेत ‘लिस्टरीन’ निघाले, तेही लिस्टर यांच्या नावाने आणि आरंभी जंतुनाशक धावन म्हणूनच. आज सुशिक्षित घरांतून सकाळी त्याने चुळा भरल्या जातात. त्याच्या मूळ घटकांत थायमॉल आहे, निलगिरी तेलातील सिनिऑल आहे, पुदिन्याचे मेंथॉल आहे. आजीच्या बटव्यास हसणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी त्या बाटलीवरील बारीक अक्षरे एकदा वाचावीत.

पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा जहाजांतून जर्मनीस जात असे आणि त्यापासून काढलेले थायमॉल तेथून सर्व जगात विकले जाई. १९१४ साली युद्ध पेटले, जर्मनीचा माल बंद झाला, तेव्हा ओवा आमचा असताना थायमॉल आम्हांस मिळेना! त्या काळी त्याची निकड मोठी होती, कारण अंकुशकृमीवर ते औषध होते. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून हा कृमी शरीरात शिरतो, आतड्यास चिकटून रक्त पितो व माणसास पांढराफटक करतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ ते १९१४ या काळात रॉकफेलर यांच्या पैशाने या रोगाविरुद्ध जी मोहीम चालली तीत मुख्य औषध थायमॉलच होते.

या मोहिमेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रोग्यास बजावून सांगत की, औषधाच्या दिवशी तूप, तेल, लोणी, दारू यांस शिवावयाचे नाही. का? थायमॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत व मद्यात विरघळते. आतड्यातच राहिले तर ते कृमीस मारते. चरबीत विरघळून रक्तात गेले तर रोग्यास मारू शकते. मात्रा प्रौढास सुमारे चार ग्रॅमपर्यंत देत. आता थोडे गणित करू. एक किलो ओव्यातून सरासरी तीस ग्रॅम तेल निघते असे धरा. त्यात निम्मे थायमॉल, म्हणजे पंधरा ग्रॅम. चार ग्रॅमसाठी पाव किलोहून अधिक ओवा लागेल. पोट दुखले म्हणून आपण जो चिमूटभर ओवा चावतो त्यात एवढा अंशही नसतो. म्हणूनच चिमूटभर ओवा निर्धोक, आणि म्हणूनच तेवढ्याने कृमी वा जंतू मरतील ही अपेक्षा व्यर्थ. पोटातला वारा सरतो, तोंडास रुची येते, तेवढे काम तो चोख करतो.

मग हे तेल जंतूस मारते तरी कसे? जंतूच्या शरीराभोवती एक नाजूक पापुद्रा असतो व तो बराचसा स्निग्ध पदार्थाचा असतो. थायमॉल, लवंगेतील युजेनॉल ही द्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळणारी, म्हणून ती त्या पापुद्र्यात शिरतात. पापुद्रा सैल होतो, आतील क्षार व रस गळू लागतात आणि जंतू मरतो. काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यांवर लवंगेचे, दालचिनीचे, ओव्याचे तेल टाकले तर ते मरतात, हे पॅरिसमध्ये शांबरलां यांनी १८८७ साली तपासले होते. त्यानंतर शेकडो प्रयोगशाळांनी तपासले आहे. त्यात शंका उरलेली नाही.

पण बशी म्हणजे शरीर नव्हे. जखमेत रक्त असते, पू असतो, चरबी असते. तेलाचा बराच भाग त्यांतच गुंतून पडतो. त्याहून मोठी अडचण अशी की, आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवतीही तसाच स्निग्ध पापुद्रा आहे. जंतूचा पापुद्रा फोडील एवढे तेल रक्तात गेले तर ते आपलाही फोडील. पेनिसिलिनचे तसे नाही. जंतूस पापुद्र्याबाहेर आणखी एक भिंत असते, ती माणसाच्या पेशीस नसते. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही, म्हणून जंतू मरतो व माणूस बचावतो. ओव्याचे फूल आणि पेनिसिलिनची सुई यांतला खरा फरक येथे आहे. एक देशी आणि दुसरे विलायती, हा तो फरक नव्हे. शिवाय पेनिसिलिनही १९५५ सालापासून आपल्याच पिंपरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले.

सुगंधी तेलाचे राज्य म्हणून शरीराच्या बाहेरचे : दात, हिरड्या, कातडी, कपड्यांची पेटी, धान्याची कणगी. तेथे त्याने खुशाल राज्य करावे. दाढ दुखत असता लवंगेच्या तेलाचा बोळा धरावा ही आजीची रीत. दंतवैद्यही जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी व युजेनॉल कालवून दाढेत भरतात. दोघांत भेद इतकाच की, दंतवैद्य आधी कीड कोरून काढतो. बोळ्याने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. ठणका थांबला म्हणून वर्षभर दंतवैद्याकडे न जाणारे लोक या सभेत अनेक असतील. कणगीत निरगुडीचा वा कडुनिंबाचा पाला, लोकरी कपड्यांत वेखंड, यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

अमृतधारेची कृती मी शाळेत मुलांस करून दाखवीत असे. कापूर, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल, आणि ओव्याचे फूल. तिन्ही पदार्थ घन. समभाग घेऊन कोरड्या बाटलीत टाकून हलविले की, विस्तवाशिवाय व पाण्याशिवाय त्यांचे पाणी होते! मुले चकित होत. पदार्थ एकमेकांत मिसळले म्हणजे त्यांचा वितळण्याचा बिंदू उतरतो, याचा एवढा सोपा प्रयोग दुसरा नाही. लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे औषध या नावाने देशभर पोहोचविले. डोके दुखल्यास कपाळास, डास चावल्यास कातडीस लावावयास ते उत्तम आहे. परंतु त्याचा एक तृतीयांश भाग कापूर असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. कापूर पोटात गेल्यास लहान मुलास आकडी येते, आणि त्यास थोडा कापूरही पुरतो. या कारणास्तव अमेरिकेत १९८३ पासून चोळण्याच्या औषधांतील कापराचे प्रमाण शेकडा अकरावर बांधून दिलेले आहे.

आता भगिनींस विशेष सांगावयाचे ते बाळंतिणीच्या खोलीविषयी. शेगडीत ओवा, शेपा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून आई व बाळ या दोघांस धुरी देण्याची चाल आपल्याकडे आहे. तिच्या मुळाशी असलेला स्वच्छतेचा हेतू मी नाकारत नाही. पण निखाऱ्यावर पडलेल्या ओव्यातील तेलाचा काही भाग उडतो, काही जळतो, आणि उरतो तो धूर. चार दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसास धूर म्हणजे धूर. तो चुलीचा असो की ओव्याचा. बंद खोलीत तो अधिकच घातक. सुगंधच हवा असेल तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना धूप फिरवावा, खिडक्या उघडाव्या आणि मग बाळास आत आणावे.

नाळेवर राख, हळद, तेल असे काही लावू नये. धनुर्वाताचा जंतू मातीत व शेणात कवचबंद बीजरूपाने राहतो, आणि सुगंधी तेलांचे त्या कवचापुढे काही चालत नाही. आपल्या देशातून नवजात बाळांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. ते गर्भारपणीच्या लसीमुळे, दवाखान्यातील बाळंतपणामुळे आणि स्वच्छ पात्याने नाळ कापल्यामुळे झाले. तसेच वेखंड. गुटीत वेखंडाचे वेढे उगाळण्याची चाल अजून आहे. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. जनावरांवरील प्रयोगांत ते अपायकारक ठरल्याने अमेरिकेने १९६८ साली खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालण्यास मनाई केली. वेखंड पेटीत ठेवावे, बाळाच्या तोंडात देऊ नये.

बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार वा तापलेले लागले, छाती आत ओढू लागली, तर त्या वेळी गुटी नव्हे, धुरी नव्हे, छातीस अमृतधाराही नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातीलच बायांस ही लक्षणे ओळखण्याचे शिक्षण दिले, घरी जाऊन प्रतिजैविकाची सुई देण्यास शिकविले, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार नवजात बालकांचे मृत्यू शेकडा बासष्टने घटले. ज्या घरांत हे घडले तेथेही ओवा होता, शेगडी होती. फरक पडला तो वेळीच लक्षण ओळखून योग्य औषध पोहोचल्यामुळे.

आता पुरचुंडीकडे येतो. कापूर, निलगिरी, मेंथॉल हुंगल्यावर छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, हे खोटे नाही. नाकातील थंडावा जाणणाऱ्या मज्जातंतूंना ती द्रव्ये चेतवितात, म्हणून मोकळे वाटते. आत जाणारी हवा मात्र तितकीच असते. रक्तातील प्राणवायू वाढणे हे फुप्फुसाचे काम. फुप्फुसच सुजले असता वासाने ते काम होत नाही. सर्दीत हे वाटणेही सुखाचे असते, घ्यावे. पण ज्याचा प्राणवायू उतरत चालला आहे त्यास ‘बरे वाटते’ असे वाटविणे, हीच त्या पुरचुंडीची मोठी हानी होती. अशा वेळी नाकावर भरवसा न ठेवता बोटास लावण्याच्या यंत्रावरील आकडा पाहावा.

दुसऱ्या बाजूचीही कानउघाडणी करणे भाग आहे. ओव्यास हसणारी मंडळी साध्या पडशास दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून खातात, दोन दिवसांनी बरे वाटले की थांबवितात. पडसे विषाणूचे, त्यावर त्या गोळ्यांचा काडीमात्र उपयोग नाही. मात्र शरीरातील इतर जंतूंस त्या औषधाची ओळख होते व पुढे ते त्यास दाद देत नाहीत. त्यामुळे काही प्रतिजैविके सरकारने २०१४ पासून अधिक कडक नियमांखाली आणली असून त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदारास ठेवावी लागते. गोळ्यांच्या पट्टीवर तांबडी उभी रेघ असेल तर ती चिठ्ठीवाचून घ्यावयाची नाही. साध्या पडशास ओव्याचा शेक आणि गवती चह्याचा काढा घेणारी आमची म्हातारी माणसे या बाबतीत त्या सुशिक्षितांहून शहाणी ठरतात.

दाद न देणाऱ्या जंतूंमुळेच आज जगातील शास्त्रज्ञ पुन्हा सुगंधी तेलांकडे वळले आहेत. तेलाने पापुद्रा सैल करावा व औषधाने आत शिरावे, अशा जोडीचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे दार १९५० साली उघडले. तेथे डॉ. एस. सी. भट्टाचार्य, डॉ. सुख देव यांसारख्या रसायनज्ञांनी देशी वनस्पतींच्या तेलांतील द्रव्यांची रचना उलगडण्याचे मोठे काम केले. ज्ञातीतील जी मुले रसायनशास्त्र घेऊन शिकत आहेत त्यांनी या कामाकडे लक्ष द्यावे. मंडळाच्या शिष्यवृत्तीतून त्यांस पुस्तके मिळावीत, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती आहे.

शेवटी बाटल्यांविषयी. निलगिरी तेल, अमृतधारा, कापूर व ओव्याचे फूल या वस्तू देवघराच्या फळीवर वा पाण्याच्या माठाजवळ ठेवू नयेत. मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, कडीच्या कपाटात ठेवाव्या. प्रत्येक बाटलीवर नावाची चिठ्ठी असावी. जुन्या सरबताच्या बाटलीत तेल भरून ठेवण्याची सवय तर आजच सोडावी. मुलाने यांतील काही प्यायल्याचे कळले तर घशात बोट घालून ओकारी काढू नये, कारण तेल श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो, आणि त्यातच आकडी आली तर तो दुणावतो. दूध वा तूपही पाजू नये. चरबीत ही द्रव्ये विरघळतात हे आपण पाहिलेच. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा, गाडीस उशीर होत असेल तर महामार्गावरून मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे, आणि ती बाटली सोबत न्यावी, म्हणजे मुलाच्या पोटात काय गेले व किती गेले ते डॉक्टरांस तेथेच पाहता येईल.